चार वर्षांच्या मुलाच्या इबादतीला गुण देऊ नका

इस्लामी बालवाड्यांचे विश्वस्त, संचालक आणि मुख्याध्यापिका यांस,

अस्सलामु अलैकुम.

माझी मोठी मुलगी एका इस्लामी बालवाडीतून पहिलीत गेली आणि धाकटा मुलगा आता तिथेच शिकतो आहे. या वर्षाच्या सुरुवातीला आम्हा पालकांना एक परिपत्रक मिळाले. दर महिन्याची पालक-बैठक बंद करून तिच्या जागी मोबाइलवर एक नोंदतक्ता आला. मुलाने किती वेळा नमाज पढली, कोणत्या दुआ म्हटल्या, कोणती सूरह (कुरआनचा अध्याय) पाठ झाली, वागणूक कशी होती, अशा खुणा पालकांनी रोज रात्री त्यात करायच्या. प्रत्येक खुणेला गुण आहेत आणि महिन्याच्या शेवटी वर्गाच्या गटावर क्रमवारी लागते. बैठक का बंद केली, याचे उत्तर एका ओळीत दिले होते: उपस्थिती कमी असते.

शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेपुरता नाही. इतर ठिकाणचे पालकही असेच काहीबाही सांगतात. कुठे तक्ता आहे, कुठे वर्षातून एकदा मोठ्या आवाजातले व्याख्यान, तर कुठे प्रवेशाच्या दिवशी दिलेली नियमांची पुस्तिका. या सगळ्याला 'पालक-प्रबोधन कार्यक्रम' असे नाव आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना.

ती बंद केलेली बैठक आमच्यासाठी काय होती, ते आधी सांगते. वर्गातल्या छोट्या खुर्च्यांवर आम्ही दाटीवाटीने बसायचो आणि बाई विचारायच्या, "या महिन्यात मुलांनी काय विचारलं?" मग एकेक प्रश्न निघायचा. अल्लाह दिसत का नाही? तो झोपतो का? नानींना मातीत एकट्या का ठेवलं, त्यांना अंधाराची भीती वाटत नसेल का? मी दुआ केली तरी बाबा बरे का झाले नाहीत? शेवटचा प्रश्न ज्या मुलीचा होता, तिची आई बोलता बोलता रडली. कोणी उपदेश केला नाही. बाईंनी एवढेच सांगितले की मुलीला घाईने उत्तर देऊ नका, तिच्यासोबत बसून पुन्हा दुआ करा, आणि तुम्हालाही वाईट वाटतंय हे तिच्यापासून लपवू नका. मी आई म्हणून जे शिकले, त्यातले बरेचसे त्या खुर्च्यांवर शिकले. आता त्या जागी खुणा करायचे चौकोन आले आहेत.

'प्रत्येक मूल फितरतवर (निर्मळ मूळ स्वभावावर) जन्माला येते आणि आईवडील त्याला घडवतात' या अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आपल्या भिंतींवर, माहितीपत्रकांवर असते. तिच्यातली जबाबदारी आईवडिलांवर आहे. मग ज्या शाळेला मुलाची आध्यात्मिक वाढ खरोखर हवी आहे, तिचे पहिले काम पालकाच्या पाठीशी उभे राहण्याचे ठरते. नव्या योजनेत मात्र पालक तपासनीस झाला आहे आणि मूल तपासले जाणारे. मला मान्य नाही ते हेच. माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली तक्रार गुणांबद्दल आणि क्रमवारीबद्दल. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बालशिक्षणात काम करणाऱ्यांना परिचित आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना आधीच सांगितले गेले की चित्र काढल्यास बक्षीस मिळेल. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुले चित्रांकडे फारशी वळेनात. बक्षिसाचे काहीच न सांगितलेल्या मुलांच्या मानाने त्यांनी जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. जे आनंदाने चालले होते, ते मोबदल्याचे काम होऊन बसले. चित्रांच्या बाबतीत हे होत असेल, तर सजद्याच्या, नमाजमध्ये माथा टेकण्याच्या, बाबतीत आपण इतके निर्धास्त कसे? आईच्या शेजारी येऊन उगाच कपाळ टेकणारे मूल त्या क्षणी कोणासाठीही काही 'करत' नसते. त्याला तिथे बरे वाटत असते. त्यावर आपण गुण चिकटवले की पुढच्या वेळी ते आधी मोबाइलकडे पाहते. माझ्या मुलाने मला विचारले आहे, "हे लिहिलंस का?"

त्या क्रमवारीने घराघरांत आणखी एक गोष्ट आणली आहे. मी त्याला खोटेपणा म्हणते, दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही. रात्री दमलेले पालक सगळ्या चौकोनांत खुणा करून मोकळे होतात, कारण मूल यादीच्या तळाशी दिसायला नको असते. आणि मूल ते पाहत असते. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात अब्दुल्लाह बिन आमिर यांची आठवण आहे. ते लहान होते. आईने 'ये, तुला काही देते' म्हणून हाक मारली, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) त्यांच्या घरी बसलेले होते. त्यांनी आईला विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर ते म्हणाले, काही दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. लेकराला बोलावण्यासाठी सहज काढलेल्या शब्दाबद्दल ज्या दीनमध्ये (धर्मामध्ये) इतकी दक्षता आहे, त्या दीनच्या नावाने चालणारी शाळा पालकांना रोज रात्री मुलासमोर खोटी खूण करायला भाग पाडते. आपण हे ठरवून करत नाही, हे मला माहीत आहे. पण घडते आहे ते असेच.

दुसरी तक्रार वयाची. नमाजचे सांगणे सातव्या वर्षापासून सुरू करा, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. आपल्या वर्गांत तीन ते सहा वर्षांची मुले आहेत. सातच्या आधीची वर्षे रिकामी ठेवावीत असे मी म्हणत नाही, पण त्या वर्षांत काय करायचे याचे नमुने आपल्या परंपरेत भरपूर आहेत आणि त्यांत कुठेही हजेरी नाही. नात उमामा हिला पैगंबर (स.) नमाजमध्ये कडेवर घेत, सजद्याला जाताना खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलत. एकदा नातू पाठीवर चढून बसला तेव्हा त्यांनी सजदा लांबवला आणि नंतर लोकांना सांगितले की त्याचे मन भरण्याआधी त्याला उतरवणे मला आवडले नाही. मागे एखादे बाळ रडू लागले तर त्याच्या आईचा विचार करून ते नमाज आटोपती घेत. अबू उमैर नावाच्या मुलाचा लाडका पक्षी मेला, तर त्याच्याजवळ बसून त्या पक्ष्याची चौकशी केली. पैगंबरांच्या काळातल्या रुबय्यि बिन्त मुअव्विज सांगतात की आशूराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला त्या मुलांनाही सामील करून घेत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करत. मूल खायला मागून रडू लागले की खेळणे हातात देत. मुलांना इबादतीच्या जवळ आणायची रीत तिथे अशी होती: कडेवर, पाठीवर, खेळण्यासह.

या गोष्टी आपल्या शिक्षिका मुलांना सांगतात. मला त्या पालकांना सांगितलेल्या हव्या आहेत. मूल पाठीवर चढल्यावर सजदा लांबवायचा धीर मुलाला शिकायचा नाही, तो त्याच्या अब्बांना शिकायचा आहे.

तिसरी तक्रार भीतीबद्दल. वार्षिक व्याख्यानात वक्ते येतात, मुलांच्या चुकांची आणि आईच्या निष्काळजीपणाची यादी वाचतात, जहन्नमचे (नरकाचे) वर्णन करतात. पुढच्या रांगेत मुले बसलेली असतात. घरी गेल्यावर कितीतरी मुलांना रात्री झोप लागत नाही, आणि मग 'तू असं केलंस तर अल्लाह रागावेल' हे वाक्य पालकांच्या हातातले रोजचे हत्यार होते: जेवण संपवण्यासाठी, झोपण्यासाठी, पाहुण्यांसमोर गप्प बसण्यासाठी. मनोविश्लेषक आना-मारिया रिझुटो यांनी १९७९ मध्ये दाखवले की ईश्वराविषयीची मुलाची पहिली भावना घडताना आईवडिलांशी असलेले त्याचे नाते तिच्यात मिसळलेले असते. आपल्या श्रद्धेत अल्लाहला कोणतीही प्रतिमा नाही. पण अर-रहमान, अर-रहीम ही अल्लाहच्या दयेची नावे मूल ज्या आवाजात पहिल्यांदा ऐकते, तो आवाज त्याच्या मनात राहतो. इतिहासकार इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकातच लिहून ठेवले आहे की जबरदस्तीने शिकवलेले मूल मलूल होते आणि शिक्षेच्या धाकाने खोटे बोलायला, मनातले लपवायला शिकते. त्यांचा रोख मुख्यतः शिक्षकांवर होता. पालकांनाही तो लागू आहे, आणि पालकांना तसे वागायला लावणाऱ्या कार्यक्रमांना तर अधिकच.

उपस्थिती कमी असते, हे आपले कारण. खरे आहे, कमी असते. पण बैठकीची सूचना आदल्या संध्याकाळी येई, वेळ कामाच्या दिवशी सकाळची असे आणि लहान भावंडांना सांभाळायची सोय नसे. ज्यांना रजा मिळत नाही ते कसे येणार? आणि वडिलांना बोलावलेच जात नसे. चिठ्ठीवर 'मातांसाठी' असे छापलेले असे. कुरआनात हजरत लुकमान आपल्या मुलाशी बोलतात ते एका बापाचे बोलणे आहे. मायेने हाक मारून ते सांगतात की राईच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात दडलेली असली तरी अल्लाह ती समोर आणतो. पुढे नमाज, सबुरी, लोकांपुढे गाल न फुगवणे, आवाज खाली ठेवणे. सूरह लुकमानच्या या आयती कितीतरी इस्लामी बालवाड्यांत शिकवल्या जातात आणि त्याच शाळांच्या बैठकीत एकही बाप नसतो. आमच्या वर्गातल्या अनेक वडिलांना यायचे होते. त्यांना कोणी विचारले नाही.

ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, अशा पालकांचेही इथे सांगायला हवे. काहींना अरबी वाचता येत नाही आणि त्यांना त्याची लाज वाटते. काही एकट्याने मूल वाढवतात. काहींची मुले दिवसभर दादी-नानीकडे असतात आणि तिथल्या घराचे नियम वेगळे असतात. काही घरांत दोघांपैकी एकजण दीनपासून दूर आहे. एका मुलाला अजून नीट बोलता येत नाही, त्याच्या तक्त्यातला 'दुआ' हा रकाना महिनोन् महिने रिकामा राहतो. तोच मुलगा अजान ऐकली की खेळ थांबवून खिडकीशी जातो. त्यासाठी तक्त्यात रकाना नाही. आपल्या योजनेने या घरांना शाळेपासून तोडले आहे. बैठकीत ही माणसे हळूहळू बोलू लागली होती.

शिक्षिकांवर माझा राग नाही. पालकांशी कसे बोलावे, मृत्यूबद्दल विचारणाऱ्या मुलाच्या आईला काय सांगावे, घरात मारहाण होत असल्याची शंका आली तर काय करावे, यातले काहीही त्यांना कोणी शिकवलेले नाही. वर आता तक्त्याचे आकडे जुळवत बसण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात पडले आहे.

आणि हे सगळे ठरले तेव्हा पालकांपैकी कोणी खोलीत नव्हते.

पाठांतर हवेच, असे आपण म्हणाल. माझेही तेच मत आहे. माझ्या मुलीने सूरह इख्लास शाळेतच पाठ केली आणि तिच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकल्याचा आनंद मी विसरणार नाही. पण पाठांतराचे मोजमाप करता येते म्हणून तेवढेच मोजायचे, आणि मग मोजले जाते तेवढ्यालाच आध्यात्मिक वाढ म्हणायचे, हे बरोबर नाही. तीन ते सात या वयातली श्रद्धा कल्पनेवर आणि मोठ्यांच्या अनुकरणावर उभी असते, असे जेम्स फाउलर यांनी श्रद्धेच्या टप्प्यांविषयीच्या त्यांच्या मांडणीत म्हटले आहे. या वयातले मूल पाहते. वुजू करताना (नमाजआधी हातपाय-तोंड धुताना) अब्बा नळ बारीक ठेवतात का, दारात आलेल्या माणसाशी अम्मी कशी बोलते, चुकल्यावर मोठी माणसे माफी मागतात का, जेवणाआधी बिस्मिल्लाह म्हणताना त्यांचे लक्ष ताटात असते की मोबाइलमध्ये. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) मूल ही आईवडिलांकडे सोपवलेली अमानत मानली. मकतबमधून (प्राथमिक शाळेतून) आल्यावर मुलाला मनसोक्त खेळू द्या, खेळ बंद करून सतत शिकवत राहिलात तर त्याचे मन मरेल, असेही त्यांनी बजावले. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाच्या शारीरिक आणि मानसिक विकासाबरोबर आध्यात्मिक विकासाचाही उल्लेख आहे आणि त्याच करारात खेळण्याचा हक्कही आहे. इंडोनेशियात 'रौदतुल अत्फाल' या इस्लामी बालवाड्यांना २००३ च्या शिक्षण कायद्यात औपचारिक बालशिक्षणाचा एक प्रकार म्हणून स्थान मिळाले आहे. म्हणजे हे क्षेत्र आता हौशी राहिलेले नाही. त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणे गैर नाही.

शाळा आणि कुटुंब यांच्या भागीदारीवर अमेरिकी अभ्यासक जॉइस एपस्टीन यांनी आयुष्यभर काम केले. त्यांनी पालक-सहभागाचे सहा प्रकार सांगितले: पालकत्वाला आधार, दोन्ही बाजूंनी संवाद, शाळेच्या कामात मदत, घरी शिकणे, निर्णयांत वाटा आणि समाजाशी जोडणी. आपला तक्ता यातल्या एकाच प्रकाराला, घरी शिकण्याला, जेमतेम स्पर्श करतो. संवाद तर त्यात नाहीच. माझ्या खुणा वर जातात, वरून खाली क्रमांक येतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

इबादतीला गुण देणे आणि क्रमवारी लावणे ताबडतोब थांबवावे. आतापर्यंत जमलेल्या नोंदी पुसून टाकाव्यात आणि तसे पालकांना लेखी कळवावे. पाठांतराची नोंद शिक्षिकेने वर्गात ठेवावी आणि ती त्या मुलाच्या पालकांखेरीज कोणालाही दाखवू नये.

मासिक बैठक पुन्हा सुरू करावी. ती लहान गटांत असावी, सत्राच्या आरंभीच तारखा ठरवाव्यात, आणि एक वेळ नोकरदारांना जमेल अशी असावी. बैठक चालू असताना मुलांना सांभाळायची सोय शाळेने करावी. निमंत्रण आई आणि वडील दोघांच्या नावे जावे आणि मूल ज्यांच्याकडे दिवसभर असते त्या आजी-आजोबांनाही यावेसे वाटेल अशी जागा तिथे असावी.

बैठकीत व्याख्यानाला थोडा वेळ आणि पालकांच्या प्रश्नांना जास्त वेळ मिळावा. कोणते विषय घ्यायचे ते पालकांना विचारून ठरवावे. माझ्याकडून ही यादी घ्या: मुलांचे अल्लाहविषयीचे प्रश्न, घरातला मृत्यू, भीती न घालता शिस्त, रागावल्यानंतर मुलाशी पुन्हा कसे जोडून घ्यायचे, रमजानमध्ये लहान मुलांना सोबत कसे घ्यायचे, वेगळ्या धर्माच्या मित्रांबद्दल आदराने कसे बोलायचे, विशेष गरजा असलेल्या मुलांची इबादत. ज्या पालकांना अरबी वाचायला शिकायचे आहे त्यांच्यासाठी वेगळा, निवांत वर्ग असावा आणि त्यात मुलांसमोर परीक्षा नसावी.

मुलांसमोर जहन्नमची वर्णने करणारी व्याख्याने बंद करावीत. वक्ता कितीही मोठा असो, लहान मुलांशी काय बोलायचे हे शाळेने त्याला आधी सांगावे.

शिक्षिकांना पालकांशी संवादाचे आणि बालमानसशास्त्राचे प्रशिक्षण द्यावे, आणि या बैठकांसाठी लागणारा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावा. त्यांच्या सुट्टीतून तो काढू नये.

व्यवस्थापन समितीत निवडून आलेले किमान दोन पालक असावेत, त्यांत एक आई असावी. पालकांवर परिणाम करणारा निर्णय त्यांच्यासमोर चर्चा झाल्याशिवाय लागू होऊ नये.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा खर्च येत नाही. जिथे येतो, तिथे हिशेब आमच्यासमोर ठेवा, आम्ही वाटा उचलू. भावंडे सांभाळायला, वर्गखोली लावायला, तारखांचे फोन करायला आमच्यातले कितीतरी जण तयार आहेत. मी स्वतः माझे नाव शाळेच्या कार्यालयात लेखी देऊन ठेवले आहे.

तोपर्यंत मी तो तक्ता भरणार नाही. माझ्या मुलाच्या नावापुढे शून्य दिसेल. ते पाहून शिक्षिकेने त्याला काही विचारू नये, मला विचारावे. या पत्राचे उत्तर पुढच्या सत्राच्या तारखा ठरण्याआधी द्यावे, आणि ते परिपत्रकाने न देता पालकांना बोलावून, समोर बसून द्यावे.

आपल्याच एका बालवाडीतली,
दोन मुलांची आई